पुण्यात राहावं की वाशीमला यावं?

मैत्रिणींनो, वर्षातून दोनदा आमच्या वाशीमच्या गल्ल्या भरून जातात. एकदा दिवाळीत आणि एकदा मे महिन्यात. पुण्याहून, मुंबईहून, नाशिकहून लेकी-सुना येतात, गच्चीवर कुरड्या-पापड वाळत घालता घालता गप्पा निघतात आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "इथे किती बरं आहे गं! तिकडे नुसता पैशाचा धूर. आम्हीही आता इकडेच यावं म्हणतो." त्यावर शेजारची एखादी आजी सरळ विचारते, "पुन्याले ऱ्हाऊन शिल्लक तरी काय पडते वो?" आणि मग कुणालाच नीट उत्तर देता येत नाही.

ते उत्तर आज आपण काढू या. कागद-पेन्सिल घेऊनच बसा, कारण हा प्रश्न गप्पांत सुटणारा नाही. गावाची ओढ, शहराचा कंटाळा हे सगळं खरं, पण महिन्याच्या वीस तारखेला डब्यात किती उरलं हे त्याहून खरं.

माझ्या एका मावसबहिणीनं, नाव छापायचं नाही या अटीवर, आपली खर्चाची वही माझ्यापुढे ठेवली. ती पुण्याला धायरीत राहते. दोन खोल्या, दोन मुलं, नवरा खाजगी कंपनीत. त्याच्या हातात बेचाळीस हजार येतात. ती एका पाळणाघरात जाते, तिला बारा हजार मिळतात. म्हणजे घरात चोपन्न हजार. ऐकायला भरपूर वाटतात ना? आता खर्च पाहा. घरभाडं चौदा हजार आणि सोसायटीचे दीड हजार. मुलांची शाळा महिन्याला साडेतीन हजार पडते, तिच्या बसचे दीड हजार वेगळे. पेट्रोल साडेतीन हजार. किराणा, दूध, भाजी मिळून बारा हजार. वीज, गॅस, फोन तीन हजार. सासू-सासऱ्यांना वाशीमला तीन हजार पाठवायचे. औषधपाणी दीड हजार. कपडालत्ता, पाहुणे, वाढदिवस, कधी बाहेरचं खाणं यांचे चार हजार. बेरीज झाली साडेसत्तेचाळीस हजार. उरले साडेसहा हजार. त्यांतून दिवाळीला आणि सुटीत गावी यायचं, चौघांची तिकिटं, सगळ्यांना साड्या-कपडे, म्हणजे वर्षाला वीस हजार तिथेच गेले. राहिले वर्षाचे अठ्ठावन्न हजार. एखादं आजारपण निघालं की तेही नाहीत.

आता हेच कुटुंब वाशीमला आलं असं धरू. पाच हजारांत तीन खोल्या नि पुढे छोटं अंगण मिळेल. शाळा आणि तिची ऑटोरिक्षा मिळून सत्तावीसशे. पेट्रोल बाराशे, कारण गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला दहा मिनिटं पुरतात. किराणा-दूध-भाजी दहा हजार. वीज, गॅस, फोन अडीच हजार. म्हाताऱ्यांचे दोन हजार धरा, कारण जेवणखाण एकत्र होऊ लागलं तरी औषधं असतातच. आपलं औषधपाणी दीड हजार आणि वरखर्च तीन हजार. बेरीज सत्तावीस हजार नऊशे. पाहा, जवळजवळ वीस हजारांनी खर्च उतरला!

पण थांबा, टाळी वाजवू नका. मिळकत लिहायची राहिली. मावसबहिणीच्या नवऱ्यानं इथे दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं तेव्हा त्याला चोवीस हजारांच्या पुढे कुणी बोललं नाही. तिला एका खाजगी बालवाडीत पाच हजार सांगितले. म्हणजे एकूण एकोणतीस हजार. उरतात किती? अकराशे रुपये.

पुण्यात साडेसहा हजार, वाशीमला अकराशे. दिवाळीच्या प्रवासाचे वीस हजार वाचले असं धरलं तरी वर्षाचा हिशेब पुण्याच्याच बाजूनं झुकतो. मी स्वतः तीनदा बेरीज केली, कारण मनातून मला उलटं उत्तर हवं होतं. ती इथे आली असती तर माझी चांगली सोय होती!

असं का होतं, हे समजून घेतलं तर प्रत्येकीला आपापला हिशेब मांडता येईल. स्वस्ताई सगळ्या वस्तूंना सारखी लागू नसते. घरभाडं गावावर ठरतं. रिक्षा, शिंपी, धुणंभांडी, सुतार यांचे दर गावावर ठरतात. हंगामातली भाजी, ज्वारी, तूर, हरभरा इथे पिकतो म्हणून बराच स्वस्त मिळतो. थंडीत तुरीचे सोले पोत्यानं येतात, ते पुण्यात मूठभर घेताना जीव वर-खाली होतो. पण गॅसची टाकी, पेट्रोल, गोडं तेल, साखर, औषधं, फोनचं रिचार्ज, फ्रिजचा हप्ता हे काही वाशीम म्हणून सवलत देत नाहीत. साबणाच्या वडीवर छापलेली किंमत दोन्हीकडे एकच. पगार मात्र पूर्णपणे गावावर ठरतो. म्हणून खर्च निम्म्याच्या थोडा वर राहतो आणि मिळकत थेट निम्म्यावर येते.

ही गोष्ट सरकारलाही ठाऊक आहे बरं का. केंद्र सरकारच्या नोकरांना जो घरभाडेभत्ता मिळतो, त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत. पन्नास लाखांवर वस्तीची मोठी शहरं पहिल्या वर्गात, त्यांत मुंबई आणि पुणं दोन्ही येतात. पाच लाख ते पन्नास लाखांची दुसऱ्यात आणि बाकी सारी तिसऱ्यात. जानेवारी २०२४ पासून हा भत्ता मूळ पगाराच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाला. २०११ च्या जनगणनेत वाशीम शहराची वस्ती ऐंशी हजारांच्या आत होती, म्हणजे आपण शेवटच्या रांगेत. मूळ पगार चाळीस हजार असेल तर पुण्यात बारा हजार भत्ता आणि इथे चार हजार. फरक आठ हजार. वरच्या वहीत दोन्ही घरांच्या भाड्यांत फरक किती होता? नऊ हजार. सरकारचं गणित काही अगदीच चुकीचं नाही म्हणायचं! पण त्यातली खरी मेख अशी की सरकारी नोकराचा भत्ता तेवढा कमी होतो, मूळ पगार जसाच्या तसा राहतो. खाजगी नोकरीत तसं नसतं.

म्हणून ज्यांच्या घरी बदलीची नोकरी आहे, बँक, पोस्ट, रेल्वे, विमा, त्यांनी वाशीमची बदली आली तर कपाळाला आठ्या घालू नयेत. त्यांच्या घरी चार पैसे नक्की उरतील. ज्यांचं स्वतःचं घर इथे आहे त्यांचंही जवळपास जमतं. मावसबहिणीच्या हिशेबातून भाड्याचे पाच हजार काढून टाका, शिल्लक सहा हजार शंभरावर जाते, म्हणजे पुण्याच्या बरोबरीला. तिचं सासरचं घर आहे, पण दोन खोल्यांत दीर-जाऊ आणि त्यांची मुलं आहेत. "घर आहे" असं म्हणताना ते कुणाकुणाचं आहे हेही मोजावं लागतं. पुरुष मंडळी हे मोजायला विसरतात.

आपलं वाशीम असं कमी पगाराचं का, असं कुणी विचारील. तसं पाहिलं तर हे एके काळचं राजधानीचं गाव. वत्सगुल्म हे त्याचं जुनं नाव आणि वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. अजिंठ्याची उत्तम लेणी ज्याच्या काळात खोदली गेली तो हरिषेण राजा याच शाखेतला. तेव्हा इथलंही घरभाडं चढं असेल! पुढे मात्र गाव अकोल्याच्या सावलीत राहिलं. १ जुलै १९९८ रोजी वाशीम वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, त्यांच्या मागोमाग दुकानं, शिकवण्या, झेरॉक्सवाले आले. पण पोटापाण्याचं मूळ अजून सोयाबीन, तूर नि कपाशीच. कारखानदारी नावापुरती. २०१८ साली नीती आयोगानं देशातल्या मागे राहिलेल्या, पण पुढे यायची आकांक्षा असलेल्या जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते : गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, आणि आपलं वाशीम. शेतीचा भरवसा किती तेही सगळ्यांना ठाऊक आहे. २०२४ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता, तरी बाजारात त्याहून कमी भावानं पोती रिकामी करून परतलेले शेतकरी घरोघरी आहेत. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की बाजारपेठ थंड, आणि बाजारपेठ थंड म्हणजे दुकानातल्या नोकराचा पगारही थंड.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून, कारंजा-मालेगावच्या बाजूनं गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. त्यानं मुंबई जवळ आली हे खरं. पण रस्ता दोन्हीकडे जातो. त्यावरून कारखाना इकडे येऊ शकतो, तशीच इथली तरणी पोरं तिकडे जाऊ शकतात. आजवर मला दुसरंच अधिक दिसलं.

आता माझ्या मते या सगळ्यातली जी मुख्य गोष्ट, आणि जी कुठल्याच बेरजेत येत नाही, ती सांगते. मावसबहिणीशी दोन तास बोलले तेव्हा पहिला दीड तास ती भाडं, पाणी, गर्दी यांबद्दल बोलली. शेवटी हळूच म्हणाली, "ताई, ते बारा हजार माझ्या खात्यात जमा होतात गं. तिकडे आले की पाच होतील, आणि मग सगळे म्हणतील, पाच हजारांसाठी कशाला जातेस, घरात बस." मला वाटतं, घरातल्या कर्त्या माणसांनी हे वाक्य नीट ऐकावं. लहान गावात बाईला काम मिळत नाही असं नाही. शिकवणी, शिवण, पापड-शेवया, बचत गट हे सगळं आहे. मी स्वतः शाळेत अर्धवेळ शिकवते. पण त्या कामाला काम म्हणायची पद्धत अजून रुळायची आहे. पैसा थोडा म्हणून मान थोडा, आणि मान थोडा म्हणून घरात काही निघालं की पहिली सुट्टी तिचीच.

शहराचं उलट आहे. तिथे स्वयंपाकही विकला जातो. गिरणगावातल्या बायका गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवत, प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्याच बायकांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कितीतरी कामगार कोकणात, साताऱ्याकडे गावी निघून गेले, तेव्हा मागे राहून पोळ्या लाटून, डबे करून घर धरून ठेवणाऱ्या बायकाच होत्या. डबा विकायचा तर घराबाहेर राहणारी, पगार मिळवणारी माणसं हवीत. वाशीमला घरोघरी पोळ्या होतात, डबा घेणार कोण? एखादा बदलीवर आलेला कारकून नि चार विद्यार्थी.

तेव्हा नवऱ्याच्या नोकरीची चौकशी जितक्या बारकाईनं करता तितकीच आपल्याही कामाची करा. आधी काम ठरवा, मग सामान बांधा.

मुलांचं शिक्षण हा दुसरा खड्डा, आणि तो लगेच दिसत नाही. पहिली ते दहावी इथे काही अडत नाही. शाळा जवळ, शिक्षक ओळखीचे, मूल कुठे खेळतंय हे चार घरांना माहीत. पण दहावी झाली की डॉक्टरकी-इंजिनिअरिंगच्या वाटेवरची पोरं नांदेडला, लातूरला, नाहीतर पुण्याला पाठवली जातात. क्लासची फी, वसतिगृह, खानावळ. दहा वर्षं महिन्याला जे वाचवलं ते दोन वर्षांत तिकडे पोचतं. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना हा खर्च पुढचा वाटतो, पण तो आजच वहीत लिहायला हवा. मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत असेल तर माझं स्पष्ट मत, आत्ता हलू नका. राहायचं ठिकाण आणि शाळा एकदम बदलली की त्या वयातली मुलं बोलत नाहीत, पण आतून बिथरतात.

दवाखान्याचं म्हणाल तर रोजच्या दुखण्याखुपण्याला इथे डॉक्टरांची वाण नाही. मोठं काही उद्भवलं की अकोला गाठावं लागतं, ऐंशी किलोमीटर. दिवसा ठीक, रात्री दोन वाजता ते ऐंशी किलोमीटर फार लांब होतात. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही मोठी आनंदाची बातमी. तरी नवं महाविद्यालय आणि सगळ्या तज्ज्ञांनी भरलेलं रुग्णालय यांत काही वर्षांचं अंतर असतंच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता शिधापत्रिका असलेल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, म्हणून रेशनकार्डावर सगळ्यांची नावं आहेत ना हे इकडे या की तिकडे राहा, आधी पाहून घ्या. घरात कुणाला हृदयविकार असेल, किडनीचा त्रास असेल, तर मोठ्या शहराजवळ राहणं हे चैनीत मोडत नाही.

याच्या दुसऱ्या पारड्यात म्हातारी माणसं आहेत. सासऱ्यांची दृष्टी कमी झालेली, सासूबाईंचे गुडघे धरलेले, आणि मुलगा पुण्याहून रोज फोनवर "गोळ्या घेतल्या का?" विचारतो. त्या घरी बेरीज-वजाबाकी चालत नाही. तिथे यावंच लागतं, आणि पुष्कळ जणी आल्याही. मात्र तेव्हा "स्वस्त पडेल म्हणून येतो" असं स्वतःला समजावू नका. सेवेसाठी येतोय, त्यासाठी पैसे कमी पडतील, हे दोघांनी आधीच बोलून ठेवावं, म्हणजे पुढे एकमेकांना टोचणी लागत नाही. दिरांनी, नणंदांनी महिन्याला काय पाठवायचं तेही तेव्हाच ठरवावं. नंतर बोललं की ते भांडण होतं.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपल्याकडे किती घरं भरली होती, आठवतं ना? आमच्या गल्लीत तीन कुटुंबं आली. एक जण कॉम्प्युटरवर घरबसल्या काम करायचा, पगार पुण्याचा आणि खर्च वाशीमचा. असं सोनं पुन्हा मिळायचं नाही! दोन वर्षांत त्यांनी कर्ज फेडलं. मग कंपनीनं परत बोलावलं आणि ते गेले. दुसऱ्यांची नोकरीच सुटली होती, ते वर्षभर थांबले, काही जुळेना, तेही गेले. तिसरं कुटुंब राहिलं, कारण वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं आणि सून हिशेबात पक्की निघाली. आज गल्ल्यावर तीच बसते. घरबसल्या कामाचा भरवसा धरून येणार असाल तर ते किती दिवस चालणार हे कंपनीकडून लेखी घ्या. साहेबानं तोंडी "चालेल" म्हटलेलं उद्या दुसऱ्या साहेबाला बांधील नसतं.

आणखी दोन गोष्टी पुण्याच्या मैत्रिणींसाठी. पाणी इथे रोज येईलच असं समजू नका. शहराला एकबुर्जीच्या धरणाचं पाणी आहे, पावसानं डोळे वटारले की नळाची पाळी लांबते. घर पाहताना खोल्यांआधी टाकी, हौद आणि बोअर पाहा. आणि उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये दुपारी अकरा ते पाच दार उघडवत नाही, कूलर चोवीस तास, आणि विजेचं बिल पाहून पुणं आठवतं. दिवाळीच्या गारव्यात गाव पाहून निर्णय घेऊ नये तो यासाठीच.

प्रवासाची मात्र आता तितकी दैना नाही. पूर्णा-अकोला ही लहान रुळांची लाइन २००८ साली मोठी झाली. मार्च २०२४ पासून मुंबईची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत येते, आणि हिंगोली आपल्याला पन्नास किलोमीटरच्या आत. माहेर पुण्या-मुंबईकडचं असलेल्या सुनांना एवढाही आधार पुष्कळ असतो.

इतकं सगळं पाहून ज्यांचा विचार पक्का होईल त्यांनी एकदम सारं मोडून येऊ नये. पुण्याचं स्वतःचं घर असेल तर विकू नका, अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारानं भाड्यानं द्या. एकदा विकलेलं शहरातलं घर गावच्या पगारावर पुन्हा घेता येत नाही. इथे पहिलं वर्ष भाड्यानंच राहा, सासरच्या घरात जागा असली तरी. चार पैसे जातील, पण स्वयंपाकघर एक करायचं की दोन हे वर्षभरानं समजुतीनं ठरवता येईल. ट्रक, हमाली, नवीन अनामत, शाळाप्रवेश, गणवेश यांना सहा महिन्यांची शिल्लक लागते, ती हाती नसेल तर थांबा.

आणि यायचंच तर मेच्या शेवटी या. तिकडची शाळा संपलेली असते, दाखला, गुणपत्रिका आणि मुलांची आधारकार्डं हाती घेऊनच निघा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतर महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात. तेवढ्या दिवसांत डबे लावून होतात, दूधवाला ठरतो, आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येतं तेही कळतं.